ड्रीम टीम निवडताय? आधी जागा लिहा, नावं नंतर

एक कागद घ्या आणि पाच मिनिटांत तुमची क्रिकेटची ड्रीम टीम लिहा. अट एकच. खेळाडू महाराष्ट्रात जन्मलेला किंवा महाराष्ट्रात घडलेला हवा. मोबाईल बघायचा नाही, शेजारच्याला विचारायचं नाही.

लिहिली? आता तुमचा कागद न बघता सांगतो. पहिलं नाव सचिन. त्याखाली रोहित, गावसकर, वेंगसरकर, रहाणे. सहा-सात नावांपर्यंत नुसते बॅट्समन. मग एकदम आठवलं की बॉलिंग पण करायची असते, म्हणून झहीर. आणि विकेटकीपर? तो शेवटी कसाबसा कोपऱ्यात लिहिला असेल, नाहीतर राहूनच गेला असेल.

ही तुमच्या आवडत्या खेळाडूंची यादी झाली. हिला टीम म्हणता येणार नाही. ही यादी मैदानात उतरवली तर दुसऱ्या दिवशी बॉलिंग कोण करणार, हा प्रश्न येतोच.

नवीन धंदा सुरू करताना बहुतेक जण अशीच टीम करतात. भागीदार म्हणून जिगरी दोस्त, काउंटरवर मेव्हण्याचा मुलगा, हिशोबाला 'बघू नंतर'. तिघेही बोलायला पटाईत, तिघांनाही काउंटरवर उभं राहायला आवडतं, पण उधारी वसूल करायला आणि स्टॉक मोजायला कुणीच नाही. क्रिकेटच्या कागदावर ही चूक फुकट असते. दुकानात तिचे पैसे लागतात, आणि दोस्ती तुटते ती वेगळीच.

व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथे माझी टीम कारणांसकट देतो. पटली नाही तर भांडा. पण भांडताना नाव घेऊन भांडू नका, जागा घेऊन भांडा. का ते पुढे कळेल.

आधी पिच बघा

हा विषय हिवरे बाजारच्या उदाहरणावरून मांडतोय, त्याला कारण आहे. या गावाने आधी पिच बघितलं आणि मग टीम निवडली.

नगर तालुक्यातलं हे पर्जन्यछायेतलं गाव. पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी मिळेल याची खात्री नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खिळखिळं झालं, माणसं कामासाठी बाहेर पडली. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. खेळात नाव काढेल असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, तो गावाच्या कारभारात उतरला. पुढे २०२० ला पद्मश्री जाहीर झाली, ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी बघून इथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर पिकं कमी पाण्याची. ऊस आणि केळी यांना बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी.

आता विचार करा. लोणीला विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो हाच जिल्हा. उसाचा पैसा, उसाचा मान, सगळं डोळ्यांसमोर. तरी हे गाव उसाला नाही म्हणालं. ऊस वाईट होता म्हणून नाही, आपल्या विहिरीत तेवढं पाणी नाही म्हणून. आवड बाजूला ठेवून जमिनीचं ऐकणं याला म्हणतात. माझ्या मते धंद्यातला सगळ्यात अवघड निर्णय हाच असतो.

क्रिकेटमध्ये याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आपले सुनील गावसकर. १९७५ चा पहिला वर्ल्ड कप, लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध मॅच. तेव्हा साठ षटकांची मॅच असायची. जिंकायला ३३५ हव्या होत्या. गावसकर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. आपण २०२ धावांनी हरलो.

तेच गावसकर, १९८७, बंगळूर, पाकिस्तानविरुद्ध कसोटी. चेंडू हातभर वळत होता. त्या पिचवर चौथ्या डावात त्यांनी ९६ केल्या. आपण १६ धावांनी हरलो, पण ती खेळी आजही फिरकी कशी खेळावी याचा धडा म्हणून दाखवली जाते.

माणूस एकच, तंत्र एकच. बदललं ते फक्त काम. म्हणून 'हा माणूस भारी आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कशासाठी भारी आहे, ते पुढे लिहिल्याशिवाय त्याला पगार सुरू करू नका.

माझं पिच: पाच दिवसांचं

मी टीम निवडतोय पाच दिवसांच्या मॅचसाठी. कारण लहान दुकानाची पहिली दोन वर्षं कसोटीसारखीच असतात. तिथे टिकून राहणं हीच मोठी कमाई. सोशल मीडियावर दिसतो तो ट्वेंटी-ट्वेंटीचा धंदा. एका रीलमध्ये दुकान हाऊसफुल्ल. दुसऱ्या महिन्याचं भाडं रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

एक साधं गणित करू. समजा दुकानाचं भाडं ८,००० रुपये, एका मुलाचा पगार ९,००० आणि लाईट-किरकोळ २,०००. झाले महिन्याचे १९,०००. मालावर सरासरी मार्जिन १५ टक्के धरू. मग नुसता खर्च निघायला महिन्याला सुमारे १,२६,७०० रुपयांची विक्री हवी. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं असेल तर रोज ४,८७० च्या आसपास. यात तुमच्या घरखर्चाचा एक रुपया नाही, आणि कर्जाचा हप्ता पण नाही.

आता या गणितात एक माणूस 'आपला आहे, चांगला आहे' म्हणून आणखी घेतला. पगार तोच, ९,०००. हा पगार काढायला १५ टक्के मार्जिनवर महिन्याला ६०,००० रुपयांची जास्तीची विक्री लागते. म्हणजे रोज २,३०० रुपये. त्या माणसाच्या येण्याने रोज एवढी विक्री वाढणार आहे का? किंवा तेवढा तोटा थांबणार आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो माणूस कितीही गोड असो, तुमच्या टीममध्ये त्याची जागाच नाही.

हाच तुमचा पाण्याचा ताळेबंद. तो मांडून झाला की मगच टीम.

अकरा जागा, अजून नाव एकही नाही

कागदाच्या डाव्या बाजूला मी फक्त कामं लिहिली:

१. नवा चेंडू झेलणारा ओपनर.
२. दुसऱ्या बाजूने डावखुरा ओपनर, म्हणजे बॉलरला सारखी लाईन बदलावी लागेल.
३. कॅप्टन. थंड डोक्याचा आणि नियम पाठ असलेला.
४. ज्याला बघायला लोक तिकीट काढतात तो.
५. टीम अडचणीत असताना उभा राहणारा.
६. दोन कामं करणारा.
७. कीपर. आधी कीपर, बॅटिंग नंतर.
८. धावा रोखणारा बॉलर.
९. विकेट काढणारा स्पिनर.
१०. डावखुरा फास्ट बॉलर.
११. उजव्या हाताचा, निव्वळ वेग असलेला फास्ट बॉलर.

बघा, आता नावं आपोआप गळायला लागतात. रोहित शर्मा माझा प्रचंड आवडता. ईडन गार्डन्सवर एकदिवसीय सामन्यात एकट्याने २६४ करणारा माणूस कुणाला आवडणार नाही? पन्नास षटकांची टीम असती तर पहिलं नाव त्याचंच लिहिलं असतं. पण इथे पहिल्या जागेवर नवा चेंडू तासन्‌तास सोडून देणारा हवा आहे, आणि दुसऱ्या जागेवर डावखुरा.

आता नावं

पहिली जागा, सुनील गावसकर. कसोटीत १०,००० धावा करणारा जगातला पहिला फलंदाज, ३४ शतकं. पदार्पणाच्या १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात चार कसोटीत ७७४ धावा. चेंडू सोडायचा कधी हे ज्याला कळतं त्याला मारायचा कधी हेही कळतं. दुकानात हा माणूस म्हणजे खरेदी सांभाळणारा. एजंट येऊन 'स्कीम आहे, पन्नास पेट्या घ्या' म्हणाला की जो शांतपणे 'पाच द्या' म्हणतो, तो.

दुसरी जागा, स्मृती मानधना. दचकलात? जागा काय लिहिली होती ते परत वाचा. डावखुरा ओपनर, पाच दिवसांचा खेळ, महाराष्ट्रात घडलेला. सांगलीची ही मुलगी. २०२१ ला ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूच्या कसोटीत १२७ धावा, त्या देशात कसोटी शतक करणारी पहिली भारतीय महिला. २०२४ ला चेन्नईत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४९, शफालीबरोबर २९२ धावांची सलामी. ड्रीम टीम कागदावरचीच असते ना? मग कागदावर कुणी अडवलंय?

नावांपासून सुरुवात केली की आपल्याला अकराच्या अकरा पुरुष आठवतात. जागेपासून सुरुवात केली की ती दिसते. तुमच्या घरातही असंच असतं. बचत गटाची वही वर्षानुवर्षं बिनचूक ठेवणारी वहिनी घरात असते, आणि आपण हिशोबाला माणूस शोधत तालुक्याला फिरतो.

तिसरी जागा आणि कॅप्टन, अजित वाडेकर. बॅटिंगचे आकडे बघाल तर ३७ कसोटी, एकच शतक. या टीममध्ये त्यांच्यापेक्षा मोठे फलंदाज आहेत. मग कॅप्टन तेच का? १९७१ ला एकाच वर्षात वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारा कॅप्टन म्हणून. आणि किंग्स्टनच्या त्या एका निर्णयासाठी.

पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. आपली अवस्था ५ बाद ७५ होती, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ करून ती ३८७ पर्यंत नेली. वेस्ट इंडिज २१७ वर आटोपला. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरते. वाडेकरांना हे ठाऊक होतं. त्यांनी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, पण समोरच्याला कळलं की ही टीम घाबरून आलेली नाही. पुढची कसोटी आपण जिंकली आणि मालिकाही.

तुमच्या धंद्याचा कॅप्टन तुम्ही. सगळ्यात चांगलं सेल्स तुम्हीच करायला हवं असं नाही. पण शॉप ॲक्टची नोंदणी, जीएसटीची मर्यादा, कर्जाच्या कागदावरच्या अटी, भाडेकराराची मुदत, हे नियम तुम्हालाच पाठ हवेत. ते कामगाराच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

चौथी जागा, सचिन तेंडुलकर. कौतुक नव्याने काय करणार? एकच डाव सांगतो. जानेवारी २००४, सिडनी. त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर ड्राईव्ह करताना तो बाद होत होता. मग सिडनीत त्याने कव्हर ड्राईव्ह जवळजवळ बंदच केला आणि नाबाद २४१ केल्या. जगातला सगळ्यात देखणा शॉट ज्याच्याकडे आहे, तो माणूस म्हणतो, आज हा नको. तुमच्या दुकानात पण असा एक आवडता आयटम असतो. दिसायला छान, पैसे अडकवणारा. तो काही महिने बंद ठेवून बघा.

पाचवी जागा, विजय हजारे. सांगलीचे. जानेवारी १९४८, ॲडलेड, समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया. त्यांच्या ६७४ धावा. आपल्यावर फॉलोऑन. हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतक केलं, ११६ आणि १४५. सामना गेला, माणूस उभा राहिला. मंदीच्या महिन्यात ज्याचा चेहरा उतरत नाही असा एक जण टीममध्ये लागतोच.

सहावी जागा, पॉली उम्रीगर. जन्म सोलापूरचा. १९६२ ला पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५ बळी, पहिल्या डावात ५६ आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२. लहान धंद्यात पहिला नोकर असाच शोधा, दोन कामं खरोखर येणारा. डिलिव्हरीही करेल आणि संध्याकाळी बिलंही बनवेल. 'सगळंच येतं' म्हणणारा मात्र नको. उम्रीगरांना दोन कामं येत होती, ते कीपिंग करतो म्हणाले नाहीत.

सातवी जागा, नरेन ताम्हाणे. मुंबईचे कीपर. २१ कसोटी, ५१ बळी स्टंपमागे. बॅटिंग बेताची. आजच्या काळात म्हणतील की कीपरला बॅटिंग यायला पाहिजे. मी पाच दिवसांसाठी निवडतोय, एक सुटलेला झेल मला १०० धावांना पडतो. तुमचा हिशोबनीस गिऱ्हाईकाशी गोड बोलत नसेल तर बोलू नये. गल्ला आणि वही रोज रात्री जुळली म्हणजे झालं.

आठवी जागा, बापू नाडकर्णी. नाशिकचे. माझ्या टीममधलं सगळ्यात पक्कं नाव हेच, सचिनच्याही आधीचं. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सलग २१ षटकं निर्धाव! स्कोअरबोर्डवर बळींच्या रकान्यात भोपळा, म्हणून ओरडणाऱ्यांना वाटतं, याने केलं काय? समोरच्या टीमची वाट अडवून धरली, हे केलं.

धंद्यात याची किंमत काढता येते. १५ टक्के मार्जिनवर १,००० रुपये नफा मिळवायला सुमारे ६,६७० रुपयांची विक्री लागते. तेच १,००० रुपये तुम्ही खर्चात वाचवले, म्हणजे मुदत संपणारा माल वेळेत परत पाठवला, उंदरांचा बंदोबस्त केला, उधारी वेळेत मागितली, तर तेवढाच फायदा विक्री न वाढवता झाला. विक्री वाढवणाऱ्याचं आपण स्टेटस ठेवतो, वाचवणाऱ्याला दिवाळीत मिठाईचा पुडा. हे बदला.

नववी जागा, पळवणकर बाळू. इथे कुणी म्हणेल, हे पण डावखुरे फिरकीवाले, मग नाडकर्णींसारखेच झाले की. हात तोच, पण काम वेगळं. नाडकर्णी धावा रोखणार, बाळू विकेट काढणार. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले.

बाळूंची गोष्ट धंदा करणाऱ्याने नीट ऐकावी. पुण्यात मैदानावर काम करता करता ते गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉलिंग करायचे. त्यांची बॉलिंग बघून हिंदू संघाने त्यांना घेतलं. पण चहाच्या वेळी त्यांचा चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात. कारण जात. विकेट त्यांच्या चालत होत्या, पंगत चालत नव्हती. इतकी वर्षं खेळूनही त्यांना संघाचं कर्णधारपद कधी दिलं नाही. ते पुढे १९२३ ला त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

शंभर वर्षं झाली म्हणून हे संपलं असं समजू नका. 'आपल्यातला कुणी बघ' हे वाक्य आजही माणूस ठेवताना ऐकू येतं. हुशार पोरगं पोती उचलायला चालतं, गल्ल्यावर बसवायचं म्हटलं की आडनाव विचारतात. मी याला पाप-पुण्याच्या आधी हिशोबाचा प्रश्न म्हणतो. तुम्ही पगार पूर्ण माणसाचा देताय आणि काम अर्ध्या माणसाचं घेताय. बाकी लाज वाटायची असेल तर ती वेगळी वाटू द्या.

दहावी जागा, झहीर खान. श्रीरामपूरचा, म्हणून घेतला असं वाटेल. आकडे बघा. ९२ कसोटी, ३११ बळी. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ बळी. मला त्याचं २००६ हे वर्ष जास्त आवडतं. दुखापती, भारतीय संघातून बाहेर. तो इंग्लंडला वूस्टरशरकडून काउंटी खेळायला गेला, रनअप छोटा केला आणि त्या मोसमात ७८ बळी घेऊन परत आला. त्याने धंदा बंद केला नाही, धंद्याची पद्धत बदलली. मोठं दुकान परवडत नसेल तर गाळा लहान करा, माल निवडक ठेवा, पण गिऱ्हाईकाच्या नजरेसमोर राहा.

अकरावी जागा, उमेश यादव. नागपूरकडचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला. महाराष्ट्राची टीम म्हणताना मुंबई-पुण्यापलीकडे बघायची सवय लावा. माणूस शोधतानाही आणि गिऱ्हाईक शोधतानाही.

बारावा आणि कोच

बारावा खेळाडू अजिंक्य रहाणे. आपल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला पोरगा, आणि मी त्याला बाहेर बसवला म्हणून जिल्ह्यातले लोक चिडतील. पण ही बाहेरची जागा फार महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२०, ॲडलेडला आपण ३६ वर सर्वबाद. कॅप्टन कोहली घरी बाळ होणार म्हणून परतला. रहाणेने टीम हातात घेतली, मेलबर्नला ११२ केल्या आणि मालिका २-१ ने जिंकून दिली. शेवटच्या ब्रिस्बेन कसोटीत निम्मी टीम जखमी होती. तिथे पालघरहून लोकलने ये-जा करत मोठा झालेला शार्दूल ठाकूर आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर हरलेलाच नव्हता.

आता स्वतःला विचारा. उद्या तुम्ही आठ दिवस दवाखान्यात असाल, तर दुकानाचं शटर कोण उघडेल? पुरवठादाराला फोन कोण करेल? गल्ल्याची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? नाव सुचत नसेल, तर तुमच्या धंद्यात बारावा खेळाडू नाही, आणि सुट्टीही नाही.

कोच अमोल मुजुमदार. १९८८ ला शाळेच्या सामन्यात सचिन-कांबळी ६६४ ची भागी करत होते, तेव्हा पुढच्या नंबरसाठी पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. रणजी पदार्पणात २६०. प्रथम श्रेणीत ११,००० वर धावा. भारताची कॅप मात्र एकदाही नाही. तोच माणूस २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला संघाचा वर्ल्ड कप विजेता कोच म्हणून उभा होता. ज्याला स्वतःला जागा मिळाली नाही, त्याला दुसऱ्याची जागा कोणती हे चांगलं कळतं. तुमच्या पेठेत असा एखादा जुना दुकानदार असेल ज्याचं दुकान फार मोठं झालं नाही, पण ज्याला बाजार कळतो. त्याच्याकडे चहाला जात जा.

मग आवडीचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचला येतो. 'सर, सगळं हिशोबानेच करायचं तर धंद्यात मजा काय?'

माझं मत स्पष्ट आहे. धंदा कोणता करायचा, हे आवडीने ठरवा. दुकानाचं नाव, बोर्डचा रंग, कोणत्या माणसांत दिवस घालवायचाय, तेही आवडीने ठरवा. पण कोणत्या जागेवर कोण, हे कामावरून ठरवा. दोस्ताला भागीदार करायचंच असेल तर जरूर करा, आधी त्याची जागा लिहून घ्या आणि त्याला ती वाचून दाखवा. त्याला ती मान्य असेल तर तो दोस्तही राहील आणि भागीदारही. आवडता खेळाडू टीममध्ये बसत नसेल तर त्याचं पोस्टर भिंतीवर लावा. मी रोहितचं तेच करणार आहे.

हिवरे बाजारला उसाचा राग नाही. गुळाचा चहा इथेही पितात. ऊस आपल्या शेतात लावायचा नाही, एवढंच ठरलेलं आहे.

गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर, किंवा अजून दुकान सुरू व्हायचं असेल तर जेवण झाल्यावर, मघाचाच कागद उलटा करा.

सगळ्यात वर महिन्याचा खर्च लिहा. त्याला मार्जिनने भागा आणि रोज किती विक्री लागते ते काढा. हे तुमचं पिच.

त्याखाली डाव्या बाजूला फक्त कामं लिहा: खरेदी, विक्री, हिशोब, उधारी वसुली, डिलिव्हरी, साफसफाई, जाहिरात, सरकारी कागद. नाव एकही नाही. प्रत्येक कामापुढे त्याला रोज किती तास लागतात ते लिहा.

मग उजव्या बाजूला नावं. पहिल्या वर्षी चार-पाच जागांवर तुमचंच नाव येईल. येऊ द्या, उम्रीगर व्हा. ज्या जागेपुढे नाव सुचत नाही, ती रिकामीच ठेवा, ओळखीचा माणूस उगाच कोंबू नका. आणि ज्या माणसाला कुठलीच जागा मिळत नाही, त्याला पगार सुरू करण्याआधी हा कागद पुन्हा एकदा वाचा.

उधारी वसुलीपुढे कुणाचं नाव लिहिलं, ते मला पहिलं सांगा. दहातल्या आठ कागदांवर ती जागा रिकामी असते.